आप्पांची धाकटी पाती

आप्पांनी स्वतःशीच वाटणी केली, त्या दिवशी मी त्यांच्याकडे कामाला लागले.

वाटणी भावाभावांत होते, चुलत्यापुतण्यांत होते, हल्ली बहिणीही हक्कानं येऊन बसतात. पण एकट्या माणसाची वाटणी मी तोवर ऐकली नव्हती. मी मूळची दौंड तालुक्यातल्या खुटबावची. लग्न होऊन सणसवाडीला आले. नवरा एका कारखान्यात क्वालिटीला होता, आणि बी. कॉम. झालेली बायको घरात बसून काय करणार, म्हणून कुणीतरी आप्पांचं नाव सुचवलं. आप्पा लाकडी पेट्या आणि पॅलेट, म्हणजे माल रचायच्या फळ्या, बनवायचे. मोठ्या कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग बाहेरगावी जातात, ते ज्यात भरून जातात त्या पेट्या. भाड्याच्या जागेवर पत्र्याचं शेड, एक मोठी करवत, खिळे मारायच्या बंदुका, एक टेम्पो आणि बिहारकडची पंधरावीस माणसं, एवढा पसारा. हिशेबाला बाई पाहिजे होती.

मी सकाळी पोचले तर शेडमध्ये सतरंजी अंथरलेली. तिच्यावर आप्पांच्या गावाहून, कवठे येमाईहून, जीपमध्ये घालून आणलेले पाच म्हातारे पंच टोप्या सारख्या करून बसलेले. एका बाजूला आप्पा मांडी घालून. समोर एक लोखंडी खुर्ची आणि खुर्चीवर नारळ. शेजारी पुण्याहून आलेले सीए साहेब बूट काढून, अवघडून टेकलेले. मला वाटलं, पूजा आहे. मीही चप्पल काढून हात जोडले.

"दुसरी पार्टी कुठंय?" एका पंचानं विचारलं.

आप्पांनी खुर्चीकडं बोट दाखवलं. "ही काय, बसली की."

मामला असा होता. त्याच्या आधी काही वर्षं आप्पांचा हाच धंदा त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. चुलतभावानं पोल्ट्रीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि आप्पा जामीन राहिले. कोंबड्या रोगानं गेल्या, चुलतभावानं हात वर केले, आणि पतसंस्थेचे लोक टेम्पो घेऊन आप्पांच्या शेडवर आले. कर्ज पोल्ट्रीचं, उचलून नेली करवत. आप्पा ओरडले की करवत धंद्याची आहे, माझी नाही. वसुलीवाल्यानं शांतपणे सांगितलं की, मालक, कायद्यानं तुम्ही आणि तुमचा धंदा एकच. करवत गेली, काम थांबलं, आणि कामगार आपापल्या गावाला निघून गेले. ते आप्पांना फार लागलं. सावरायला बराच काळ गेला, आणि सावरल्यावर ते थेट सीएकडे गेले. सीएनं सांगितलं की एका माणसालाही कंपनी काढता येते, आणि कंपनी काढली की कायद्यानं ती वेगळी व्यक्ती होते. तिचं तिला, तुमचं तुम्हाला.

बाकीची माणसं इथं मान डोलावतात, फी देतात आणि घरी जाऊन पूर्वीसारखंच वागतात. आप्पांनी विचारलं, "येगळी व्यक्ती हाय म्हंता, तर मग तिची वाटणी नगं व्हय करायला?" सीए हसले. आप्पा हसले नाहीत.

आणि पंचही हसले नाहीत. आमच्याकडची माणसं एकदा पंच म्हणून बसली की समोर कोण आहे ते बघत नाहीत, वाटे बघतात. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, असा रिवाज. कंपनी धाकटी ठरली. भावकीत थोरल्या भावाच्या घराला थोरली पाती म्हणतात आणि धाकट्याच्या घराला धाकटी. तेव्हापासून आप्पांच्या तोंडी कंपनीला 'धाकली पाती' हाच शब्द. तिच्या वतीनं उचलायला सीए साहेबांना पुढं केलं. ते बिचारे "अहो, हे सगळं मी कागदावर केलंय" असं म्हणत राहिले, पण पंचांनी त्यांना सोडलं नाही. करवत, बंदुका, टेम्पो, लाकूड, खिळ्यांची पोती त्यांनी धाकटीकडे ओढली. आप्पांच्या वाट्याला जुनी जीप, एक स्कूटर, सणसवाडीतलं घर आणि गावाकडची जमीन राहिली. शेवटी चहाची किटली उरली. सीए साहेबांनी घाबरून तीही उचलली.

"लबाड हाय धाकली," आप्पा म्हणाले, पण पंचांपुढं इलाज नव्हता.

त्या दिवसापासून आप्पा शेडमध्ये चहा प्यायले की कंपनीच्या डब्यात पैसे टाकायचे. पाहुण्याला पाजला की आधी विचारायचे, हा पाहुणा कुणाचा? पेट्यांची ऑर्डर घेऊन आला असेल तर कंपनीचा चहा. लग्नपत्रिका घेऊन आला असेल तर आप्पांचा. एकदा एक गृहस्थ आधी पत्रिका देऊन मग पेट्यांचा भाव विचारायला लागले, तर आप्पांनी दोन चहा मागवले आणि एकाचेच पैसे डब्यात टाकले.

ऑफिसात दोन बसायच्या जागा होत्या. टेबलामागं ती नारळवाली खुर्ची आणि भिंतीला लागून एक बाकडं. कंपनीचं काम असलं की आप्पा खुर्चीवर. घरचं, गावचं, भावकीचं कुणी आलं की उठून बाकड्यावर जायचे आणि तिथं बसून बोलायचे. मला आत 'मॅडम' म्हणायचे, 'अहो' करायचे. गेटच्या बाहेर भेटले की 'पोरी' आणि 'अगं'. पहिले काही दिवस मला वाटायचं की माझं काहीतरी चुकलंय. स्कूटर ते गेटबाहेर लावायचे, कारण आतली जागा धाकटीनं भाड्यानं घेतलेली. घरी देवाचा फोटो लावायला आप्पांच्या बायकोला, काकूंना, चार खिळे पाहिजे होते. शेडमध्ये खिळ्यांची पोतीच्या पोती, पण आप्पा बाजारात जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून खिळे घेऊन आले. काकू मला म्हणाल्या, "अगं, सोनाराची बायको तरी बरी, तिच्या कानात काहीतरी असतं."

बिहारी कारागिरांनाही सुरुवातीला नवल वाटायचं. "आप्पाजी, सब आपका ही तो है," एकजण म्हणाला. आप्पा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "मेरा नहीं रे बाबा. मैं भी इधर नोकरी करता है." आणि ते खरंच दर महिन्याला सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहून माझ्याकडून पगार घ्यायचे. कमी काम झालेल्या महिन्यात पगार सगळ्यात शेवटी घ्यायचे, आणि एखाद्या महिन्यात घ्यायचेच नाहीत. मग बाकड्यावर बसून धाकटीला शिव्या द्यायचे.

कारण नातं नुसतं कायद्याचं नव्हतं. वाटणी झालेल्या भावाशी जसं असतं तसं सगळं होतं, रुसवेफुगवेसुद्धा. दिवाळीला कंपनी सगळ्यांना मिठाईचा डबा द्यायची, तसा आप्पांनाही द्यायची. होळीला आप्पांच्या घरून कंपनीसाठी पुरणपोळीचं ताट यायचं, ते मी आणि कारागीर धाकटीच्या वतीनं खायचो. ऑर्डरी जोरात असल्या की आप्पांना थोडा मत्सर वाटायचा. "लई वर आलीय हल्ली," असं म्हणायचे. मंदी आली की मात्र जीव तुटायचा. "धाकलीचं दिस वाईट हायती मॅडम, लाईट जरा बघून वापरा."

मला हे इतकं पटलं की मीही घरी प्रयोग केला. नवऱ्याला म्हटलं, तुमचं खातं वेगळं, माझं वेगळं. तो म्हणाला, चालेल, मग भाकरी कुणाच्या खात्यावर? तो प्रयोग मी तिथंच थांबवला.

यातला खरा विनोद मात्र पुढंच होता. धंदा वेगळा झाला तसे आप्पा स्वतः अगदी मोकाट सुटले. पूर्वी कुणी जामीन राहा म्हणालं की धंद्याची भीती असायची. आता ती गेली. "म्या बुडालो तर बुडालो, धाकली कोरडी हाय," असं म्हणून ते बाकड्यावर बसून कुणालाही सही द्यायचे. म्हशी, बोअर, लग्न, ट्रॅक्टर, कशालाही. गावाकडून येणारी माणसं बाकडं बघूनच खूश व्हायची. कंपनीचा एक खिळा न देणारा माणूस स्वतःचं घर मात्र कुणाच्याही कर्जामागं लावायला तयार. मी एकदा रागावले. ते म्हणाले, "मॅडम, एका माणसानं कितीदा कंजूस व्हायचं? दिसभर हुतोय की."

एकदा बँकेचे मॅनेजर स्वतःहून आले. धंदा चांगला चाललाय, कंपनीला कर्ज घ्या, नवीन मशीन आणा. आप्पा खुश. सगळं ठरलं, आणि शेवटी मॅनेजर म्हणाले, कंपनी लहान आहे, तेव्हा तिच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक जामीन राहायचं.

आप्पांचा चेहरा बदलला. "ते न्हाई जमायचं."

"अहो, सगळ्या तालुक्याला जामीन राहता ना? मग स्वतःच्या कंपनीला का नाही?"

"भावकीला जामीन ऱ्हाऊन एकदा हात पोळल्यात," आप्पा म्हणाले, आणि मॅनेजरांच्या चहाचे पैसे कंपनीच्या खात्यावर टाकायला सांगितले. नवीन मशीन आलं नाही. मॅनेजर जाताना मला हळूच विचारून गेले की मालकांना काही उपचार चालू आहेत का.

लोकांना वेडेपणा वाटायचा तोवर ठीक होतं. आप्पांच्या आई गेल्या तेव्हा लोकांना तो दगडपणा वाटला. म्हातारी गावाला असायची. दिवस पावसाचे, गावातलं लाकूड सगळं भिजलेलं. गावाकडच्या सख्ख्या भावाचा फोन आला की शेडवरून कोरडं लाकूड पाठव. कारागिरांनी न सांगता टेम्पो गेटला लावला आणि भरायला लागले. आप्पा गेटमध्ये उभे होते. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसायचंही भान नाही. आणि तशात ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, बिल करा."

गावाहून आलेली दोन माणसं तोंड वासून बघत राहिली. मी म्हटलं, "आप्पा, नंतर करू."

"नंतर म्हंजी कवा? माल गेटभायेर चाललाय."

मी बिलबुक काढलं. मी म्हटलं, "स्क्रॅपच्या भावानं लावते."

ते म्हणाले, "न्हाई. आईला स्क्रॅप नगं. नव्या मालाचा भाव लावा. टेम्पोचं भाडं बी लावा." खिशातून पैसे काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. त्या दिवशी कवठ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच, की पेटीवाल्यानं आईच्या सरणाचं बिल फाडलं. मी दहाव्याला गेले तेव्हाही बायका तेच कुजबुजत होत्या. मला त्यांना भाव सांगावासा वाटला, पण कोण ऐकणार होतं?

मग भाच्याचं प्रकरण झालं.

आप्पांची एकच बहीण, शिरूरला दिलेली. तिला सगळे आक्का म्हणायचे. आक्का तरुणपणीच विधवा झालेली आणि तिला एकच मुलगा. आप्पांना मूल नव्हतं, त्यामुळं या भाच्याचे लाड दोन घरांनी केले. पोरगं ड्रायव्हिंगला पक्कं, बाकी सगळ्यात कच्चं. त्यानं मोठा ट्रेलर घ्यायचं काढलं. पतसंस्थेचं कर्ज, आणि तारण म्हणून मामाचं सणसवाडीतलं घर. आप्पांनी बाकड्यावर बसून सह्या केल्या. काकूंना दुसऱ्या दिवशी कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "कंपनीचं घर नीट चाललंय. आता आपलं तेवढं उठायचं राहिलंय."

ट्रेलर वर्षभर पळाला आणि एके दिवशी गुजरातकडं उलटला. भाच्यानं विम्याचा हप्ता भरलाच नव्हता. भाच्याला खरचटलंसुद्धा नाही, पण कर्जाचं तोंड बघायची हिंमत झाली नाही, आणि तो फोन बंद करून नाहीसा झाला.

नोटिसा आल्या, मुदती संपल्या. शेवटी वसुली अधिकारी शेडवर आले. नेमके तेच गृहस्थ, आता थोडे जाड झालेले. त्यांनी करवतीकडं ओळखीच्या नजरेनं बघितलं. म्हणाले, "आप्पा, मागं इथूनच नेली होती."

"तवाची करवत माझी व्हती," आप्पा म्हणाले. "ही धाकलीची हाय. मॅडम, सायबाला कागद दावा."

मी कागद दाखवले. अधिकाऱ्यांनी करवतीचं बिल बघितलं, टेम्पोचं पुस्तक बघितलं, बँकेचं खातं बघितलं. सगळं कंपनीच्या नावानं, आणि कुठंही आप्पांच्या घरच्या किराण्याची एक नोंद नाही. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं. "मग आप्पांचं काय आहे इथं?" त्यांनी मला विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की गेटबाहेरची स्कूटर आणि डब्यात पैसे टाकून प्यायलेला चहा. आप्पांच्या नावावर कंपनीचे शेअर आहेत, ते तुम्ही मागू शकता, हेही सांगितलं. त्यावर ते हसले. पेटीवाल्याचे शेअर लिलावात घेणार कोण? मग आप्पा म्हणाले, "माझं घर तिकडं हाय सायेब. चला, दावतो." आणि स्वतःच्या जप्तीला निघालेल्या माणसाला त्यांनी स्कूटरच्या मागं बसवून नेलं.

घराच्या लिलावाची तारीख पडली. रक्कम भरली तर घर वाचणार होतं, पण गावाकडची जमीन इतक्या घाईत विकली जाणारी नव्हती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका मोठ्या कारखान्याची अडकलेली सगळी बिलं एकदम जमा झाली. कंपनीच्या खात्यात पैसे होते. घर सुटून थोडे उरले असते, एवढे. पण त्यातून लाकडाच्या व्यापाऱ्याचं द्यायचं होतं, कारागिरांचा पगार आणि दिवाळीचा बोनस द्यायचा होता. मी सीएंना फोन केला. ते म्हणाले, "अजिबात नाही. मालकानं कंपनीतून असं कर्ज उचलणं कायद्यात बसत नाही. आणि एकदा जरी इकडचा पैसा तिकडं गेला, तर उद्या पतसंस्थेचा वकील म्हणेल की वाटणी नुसतं सोंग होतं. घर तर जाईलच, करवतही जाईल." त्यांना आवाज जड करता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी हे आप्पांना सांगितलं. ते "हां" म्हणाले आणि बाहेर गेले. चेकवर सही त्यांच्या एकट्याचीच चालायची. त्यांनी लिहिला असता तर मी काय, कुणीच अडवू शकलं नसतं.

दुपारी आक्का आल्या. शिरूरहून एसटीनं आलेल्या, पदर डोक्यावर, तोंड सुकलेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दारातच बसल्या. आप्पा त्यांच्यामागून आत आले, पण खुर्चीकडं गेले नाहीत. बाकड्यावर बसले.

"मॅडम, सायेब हायती का?"

"कोण साहेब, आप्पा?"

"तुमचं. खुर्चीतलं."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांचा चेहरा अगदी शांत होता. मी म्हटलं, "बोला तुम्ही."

मग ते रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागले. आवाज खाली. वाटणी झालेल्या भावाच्या दारात गरज घेऊन गेलेला माणूस जसा बोलतो, तसा. "धाकले, कवा काय मागितलं न्हाई. तुला उभी केली तवा बायकोचं सोन्याचं डाग मोडलं, ते बी कवा बोललो न्हाई. तुझ्या मंदीत पगार सोडला. घर जातंय. भैनीचं तोंड बघवंना. एवढ्या बारीला दे. फेडीन."

आक्का तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. करवतीचा आवाज चालू होता, बरं झालं.

आप्पा उठले. टेबलाला वळसा घालून खुर्चीत बसले. चष्मा पुसला, तो घातला, आणि समोरच्या रिकाम्या बाकड्याकडं बराच वेळ बघत राहिले. माझाही बोनस त्यात होता, मी साधू नाही, पण खरं सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं की लिहा, आप्पा, मरू दे ती कंपनी.

"न्हाई जमणार," आप्पा म्हणाले. मोठ्यानं, परक्या माणसाशी बोलल्यासारखं. "ह्या पैशावर तुमचा हक्क न्हाई. बाहेर पंधरावीस माणसं हायती. त्यांची पोरं दिवाळीला गावाकडं वाट बघत्यात. मागं एकदा तुमच्या सहीपायी त्यास्नी उपाशी गावाकडं जावं लागलं. आता पुन्यांदा न्हाई." मग माझ्याकडं वळून, "मॅडम, आज बोनस वाटून टाका. पैसं खात्यात ऱ्हायलं की माणसाची नियत फिरती."

मी त्याच दुपारी वाटला. आप्पांच्या वाट्याचा मिठाईचा डबाही त्यांना दिला. तो त्यांनी आक्कांच्या पिशवीत घातला.

घर गेलं. काकूंनी भांडी उचलली आणि आप्पा-काकू दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेले, आजूबाजूला सगळी कारखान्यांत बदलीवर काम करणारी पोरं. गावात लोक म्हणायचे की कंपनी मालदार आणि मालक भाडेकरू, असा धंदा कुणी बघितलाय का? काकू काही दिवस आप्पांशी बोलल्या नाहीत. कंपनीशी तर त्या कधीच बोलत नव्हत्या. होळीला मात्र ताट आलं. पोळ्या जरा लहान होत्या.

भाचा पुढच्या पावसाळ्यानंतर उगवला. दाढी वाढलेली, कपडे मळके, गेटबाहेर उभा. वॉचमननं मला बोलावलं. मी त्याला ओळखलं आणि माझं डोकं फिरलं. आत जाऊन आप्पांना म्हटलं, "तुमचा भाचा आलाय. काम मागतोय. दारातसुद्धा उभं करू नका त्याला."

आप्पा खुर्चीत होते. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"टेम्पोला ड्रायव्हर पायजे का न्हाई आपल्याला?"

"पाहिजे. जुना सोडून गेलाय."

"ह्याचं लायसन हाय?"

"आप्पा, त्यानं तुमचं घर घालवलं!"

"माझं घालवलं. कंपनीचं काय घालवलं?"

मी गेटकडं बघितलं.

"न्हाई, सांगा की मॅडम. हिचा एक खिळा तरी नेलाय त्यानं? माझा राग हिनं कशापायी धरायचा? ड्रायव्हर चांगला हाय, गाडी नीट चालवतोय. ट्रेलर उलटला ते घाटात, धुक्यात. बोलवा."

मी म्हटलं, निदान दर महिन्याला त्याच्या पगारातून थोडे कापून घेऊ, तुमचे फिटतील. ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "कंपनीनं त्याला काय उसनं दिलंय व्हय? पगार पुरा द्यायचा. मला काय पायजे ते मी भायेर बघीन."

भाचा आत आला. "मामा" म्हणून पाय धरायला वाकला. आप्पा खुर्चीतून उठले नाहीत. "अहो ड्रायव्हर," ते म्हणाले, "मॅडमकडं नाव लिवा. टेम्पोचं ब्रेक बघून घ्या. तीन वाजता माल रांजणगावला पोचला पायजे." भाच्याचा चेहरा एवढासा झाला. शिव्या खाल्ल्या असत्या तर तो तगला असता, पण ते 'अहो' त्याला झेपेना. दिवसभर त्यानं दोन खेपा केल्या. मधल्या वेळी आप्पांनी त्याला वॉचमनच्या हाती कंपनीचा चहा पाठवला, कारण आता तो कामावर होता.

सहा वाजता सुटी झाली. मी गेटबाहेर माझी गाडी सुरू करत होते. आप्पा बाहेर आले, स्कूटरपाशी जाऊन थांबले. भाचा मान खाली घालून गेटमधून निघाला. आप्पांनी तो पुरता बाहेर येईपर्यंत वाट बघितली, मग दोन पावलं पुढं होऊन त्याच्या थोबाडीत अशी एक ठेवून दिली की वॉचमन स्टुलावरून उठला.

भाचा हलला नाही. त्यानं हातही वर केला नाही. "मामा, अजून मारा," म्हणाला आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

आप्पांनी हात धोतराला पुसला, स्कूटरला किक मारली. ती दुसऱ्या किकला सुरू झाली.

"बस मागं," ते म्हणाले. "मामी जेवायची थांबलीय."

भाचा बसला. बसताना त्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आप्पांनी तो झटकला नाही.